नवं पिस्तूलही चावतं!

लोक ॲरिझोनाला ग्रँड कॅनियन बघायला जातात. मी गेले मावसबहिणीकडे आणि बघून आले तिचं नवंकोरं पिस्तूल. तेही हात न लावता!

पुण्यात दसऱ्याची सकाळ उजाडली होती आणि इकडे ॲरिझोनातल्या चँडलर गावात अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ. म्हणजे आमच्या हिशेबाने खंडेनवमी चालूच. मावशी व्हिडिओ कॉलवर होती. नेसलेली साडी, केसात गजरा, मागे कुकरची शिट्टी.

"शस्त्रांची पूजा केलीस का गं?"

ताईने फोन फिरवून देव्हारा दाखवला. लॅपटॉप, गाडीची किल्ली, भाजी कापायची सुरी. सगळ्यांना हळदकुंकू, प्रत्येकावर एकेक झेंडू. आणि शेजारी वहीएवढी काळी, लोखंडी पेटी. तिच्यावरही झेंडू.

"ही कसली डबी?"

"टूलबॉक्स आहे, आई."

कॉल संपला. ताई माझ्याकडे वळली. "टूलच आहे की," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बारके, आईला सांगू नकोस."

लांबलचक विमानप्रवासाने माझे डोळे मिटत होते. ते खाडकन उघडले. कारण त्या पेटीत होतं ग्लॉक 19. नऊ मिलिमीटरचं कॉम्पॅक्ट पिस्तूल, तीन आठवड्यांपूर्वी घेतलेलं. ही माझी तीच ताई, जिने शनिवारवाड्यावर फुगे फोडायच्या छर्‍याच्या बंदुकीलाही कधी हात लावला नव्हता. आवाजाने दचकायची म्हणून दिवाळीत गच्चीवर न येता खाली फराळाच्या ताटापाशी बसणारी!

राज्य पक्षी, राज्य फूल आणि राज्य बंदूक

आधी जरा जागेची ओळख करून देते. फिनिक्स आणि त्याला चिकटलेली चँडलर, मेसा, टेम्पी, स्कॉट्सडेल ही गावं मिळून एक अवाढव्य सपाट शहर होतं. सगळी घरं मातकट, सगळे रस्ते काटकोनात आणि अंगणात हिरवळीऐवजी खडी. चँडलरला इंटेलचा मोठा कारखाना असल्यामुळे देशी मंडळी भरपूर. कढीपत्त्यासाठी वणवण करावी लागत नाही. ऑक्टोबरात दुपारी चांगलंच गरम होतं, पण इथले लोक त्याला थंडी सुरू झाली म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्सने सलग 31 दिवस 43 अंशांच्या वरचं तापमान सोसलंय.

बंदुकीच्या बाबतीत हे राज्य एकदम बिनधास्त. ॲरिझोनाचा राज्य पक्षी आहे, राज्य फूल आहे, बोलो टाय नावाचा राज्य टायसुद्धा आहे. आणि 2011 पासून अधिकृत राज्य बंदूकही आहे, कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी. काउबॉय सिनेमात कमरेला लटकते ना, तीच. 2010 पासून कायद्याने पात्र असलेल्या 21 वर्षांवरच्या माणसाला कपड्याखाली लपवून पिस्तूल बाळगायलाही इथे परमिट लागत नाही.

गंमत म्हणजे ज्या 'वाइल्ड वेस्ट'चा एवढा बोलबाला, तिथे तेव्हा नियम जास्त कडक होते. फिनिक्सहून तीनेक तासांवर टूमस्टोन नावाचं गाव आहे. तिथे 26 ऑक्टोबर 1881 रोजी ओ. के. कोरलची प्रसिद्ध गोळीबारी झाली. तिचं निमित्त काय होतं? गावात शस्त्र घेऊन फिरायला बंदी होती आणि पोलिस काही काउबॉयची शस्त्रं काढून घ्यायला निघाले होते. आज त्या गावात पर्यटकांसाठी ती चकमक नाटकासारखी करून दाखवतात.

आपल्याकडे पिस्तूल म्हटलं की डोळ्यासमोर येते कोल्हापूरची राही सरनोबत, 2018 च्या एशियाडमधलं तिचं सुवर्णपदक, आणि बालेवाडीची रेंज. घरात पिस्तूल ठेवायचं तर 1959 चा आर्म्स ॲक्ट, परवान्याचा अर्ज, पोलिसांची चौकशी, आणि कारण काय ते पटवून देणं. शिवाय नऊ मिलिमीटर हा आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर. ताईने मात्र दुकानात फोटो आयडी दाखवला, 4473 नंबरचा फॉर्म भरला, बॅकग्राउंड चेक झाला आणि ती पिस्तूल घेऊन बाहेर आली. "किती वेळ लागला?" मी विचारलं. "पार्लरमध्ये आयब्रोला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त."

पाहुणीने लांबूनच बघायचं

आता तुम्ही म्हणाल, मग तू चालवून बघितलंस की नाही? नाही बॉस! व्हिसावर आलेल्या परदेशी पाहुण्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला अमेरिकेच्या संघीय कायद्याची बंदी आहे. शिकारीचा परवाना वगैरे काही मोजके अपवाद आहेत, पण माझ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. एच-वन-बीवाल्यांनाही हीच बंदी लागू होते. फ्लोरिडातल्या एका परदेशी विद्यार्थ्याचा मुक्काम कॉलेज सुटल्यामुळे बेकायदा ठरला होता, आणि तो रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. त्याला शिक्षा झाली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 2019 मध्ये कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, कारण आपला मुक्काम बेकायदा आहे हे त्याला ठाऊक होतं का, हे सरकारने सिद्ध केलं नव्हतं. पण एवढा खटाटोप कुणाला हवाय?

ताईचं तसं नाही. ती सिटिझन आहे. "लग्नाने सिटिझनशिप आली. लग्न गेलं, सिटिझनशिप राहिली," हे ती आता हसत सांगू शकते.

तर नियम ठरले. पेटीचा कोड मला सांगणार नाही. मी कशालाही हात लावायचा नाही. प्रश्न कितीही विचारायचे.

डायनिंग टेबलवर कारखाना

रात्री जेवणं झाल्यावर ताईने टेबलावर जुना टॉवेल पसरला. पिस्तूल बाहेर काढलं, मॅगझीन वेगळं केलं, स्लाइड मागे ओढून आतली जागा रिकामी आहे हे डोळ्यांनी बघितलं, बोटाने चाचपलं. मग पुन्हा बघितलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत. नळीचं तोंड सतत भिंतीकडे, माझ्याकडे एकदाही नाही.

"मला आधी वाटलं हे सगळं फार किचकट असेल," ती म्हणाली, "पण मिक्सरचं भांडं उघडण्याइतकं सोपं आहे." खरंच होतं ते. स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि खालची प्लॅस्टिकची चौकट. चार वस्तू टॉवेलवर ओळीने. मला सगळ्यात धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. याला बाहेरून लॉकचं बटणच नाही! चापाच्या मधोमध एक छोटी पट्टी असते. बोट नीट चापावर पडलं तर ती दबते आणि मगच चाप मागे जातो. म्हणजे खरं लॉक कुठलं, तर तुमचं बोट.

नव्या पिस्तुलाच्या स्लाइडमध्ये आतून तांब्याच्या रंगाचं ग्रीस लावलेलं असतं. मी म्हटलं, "पूस ना ते, कळकट दिसतंय." ताईने मॅन्युअल पुढे सरकवलं. ते ग्रीस काढायचं नाही. सुरुवातीच्या दिवसांत धातू धातूवर घासतो, तेव्हा तेच वंगण कामाला येतं. नळी मात्र स्वच्छ पुसायची आणि ठरलेल्या जागी तेलाचा एकेक थेंब. जास्त तेल घातलं तर धूळ चिकटते, आणि धूळ तर इथे पैशाला पासरी.

मला आठवली नवी कोल्हापुरी. आजी तिला रात्रभर तेल लावून ठेवायची आणि पहिले चार दिवस घरातल्या घरात घालायला लावायची. तरी ती अंगठ्यापाशी चावायचीच. ताईने उजवा हात पुढे केला. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात दोन लाल रेघा होत्या.

"हेही चावतं. हात फार वर गेला, तर मागे येणारी स्लाइड कातडी धरते."

म्हणून मग कस्टमायझेशन. पिस्तुलाबरोबर बॉक्समध्येच मुठीच्या मागे लावायच्या वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या येतात. ताईने आधी जाड पट्टी लावली होती. आता सगळ्या काढून मूठ सगळ्यात बारीक केली. बोट चापावर पहिल्या पेरापर्यंत नीट पोचायला लागलं. मुठीला दोन्ही बाजूंनी खरखरीत टेप चिकटवली आणि ती पक्की बसावी म्हणून चक्क हेअर ड्रायरने गरम केली. अंगठ्याच्या बेचक्यापाशी मात्र टेप कापून टाकली. "चावायला एकच जण पुरे."

लक्ष्मी रोडवरचं सराफी दुकान

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान. एका बाजूला डोनट, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना, मधे बंदुका. आतमध्ये काचेची कपाटं, खाली दिवे, वर मखमल. थेट लक्ष्मी रोडवरच्या सराफाकडे आल्यासारखं वाटतं. 'जरा ते डावीकडचं दाखवा हो' असं म्हणणारी जोडपीसुद्धा तशीच. गुलाबी पिस्तुलं, मोरपंखी पिस्तुलं, साडीला मॅचिंग म्हणावं अशी!

आणि सुटे भाग तर विचारू नका. सोनेरी नळ्या, रंगीत चाप, टॉर्च, लाल ठिपक्याच्या दुर्बिणी, मॅगझीनच्या तळाला लावायची टोपणं. कॉलेजात मुलं आरएक्स 100 ला सायलेन्सर न् स्टिकर लावत बसायची, तोच फंडा. तेव्हाही निम्मा पगार बाइकवर जायचा, इथे निम्मा पगार याच्यावर.

ताईला बदलायच्या होत्या फक्त 'साइट्स'. म्हणजे नेम धरायच्या खुणा. मूळच्या प्लॅस्टिकच्या असतात, पुढे पांढरा ठिपका आणि मागे पांढरी चौकट. तिने घेतल्या धातूच्या. त्यात ट्रिटियम वायूची बारीक नळी असते, ती अंधारात बॅटरीशिवाय मंद चमकते. काउंटरमागच्या दाढीवाल्या काकांनी पिस्तूल एका शिकंज्यात धरलं, स्क्रू फिरवत जुनी साइट सरकवून काढली आणि नवी बसवली. तिने हलका चाप बसवायचं विचारलं तर मात्र त्यांनी मान हलवली. स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या पिस्तुलाचा चाप कंपनीने दिलाय तसाच ठेवावा, असं त्यांचं मत. घाबरलेल्या बोटाला हलका चाप देऊ नये. "आधी चालवा. मग काय बदलायचं ते कळेल," असं म्हणून त्यांनी काडतुसांची खोकी काढून दिली.

निम्मी विक्री सोडून देणारा दुकानदार मी तुळशीबागेत तरी बघितलेला नाही.

रिपोर्टरच्या नावाचं मैदान

शनिवारी सकाळी आय-17 हायवेने उत्तरेकडे निघालो. शहर संपत आलं तसा डावीकडे तैवानच्या टीएसएमसी कंपनीचा भलामोठा चिप कारखाना दिसला. क्रेन, पांढऱ्या भिंती, आत माणसाच्या डोळ्याला न दिसणारी सर्किट. आणि तिथून काही मिनिटांत, केअरफ्री हायवेपाशी, बेन एव्हरी शूटिंग फॅसिलिटी. नॅनोमीटरपासून मिलिमीटरपर्यंतचा प्रवास दहा मिनिटांत!

हे मैदान राज्य सरकारच्या वन्यजीव खात्याचं आहे. सोळाशे एकरांहून मोठं. पिस्तूल, रायफल, तिरंदाजी, उडत्या तबकड्या, तंबू ठोकायला जागा. आणि ज्याचं नाव दिलंय तो बेन एव्हरी कोण? 'ॲरिझोना रिपब्लिक' या दैनिकाचा पत्रकार! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या नावाने कुणी पानपट्टीसुद्धा काढत नाही.

चहूबाजूंना सोनोराचं वाळवंट. वाळवंट म्हणजे राजस्थानसारखी वाळू नव्हे. खडक, झुडपं आणि हात वर करून उभे असलेले सॅग्वारो निवडुंग. हे निवडुंग या वाळवंटाबाहेर कुठे आपणहून उगवत नाहीत. त्यांना पहिला 'हात' फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं सहज लागतात. हात वर केलेले बघून मला तरी ते 'नको, नको, गोळी घालू नका' म्हणणारे वाटले. 1982 साली इथून जवळच लेक प्लेझंटपाशी एका माणसाने गंमत म्हणून एका सॅग्वारोवर गोळ्या झाडल्या. निवडुंगाचा भलामोठा हात तुटून त्याच्यावर पडला आणि तो जागीच गेला. ॲरिझोनात हा किस्सा लहान मुलांनाही माहीत असतो.

पहिल्या दोनशे गोळ्या

नवी बाइक घेतली की पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवायची, मग पहिलं सर्व्हिसिंग. पिस्तुलाचंही तसंच. स्लाइड कडक असते, मॅगझीनची स्प्रिंग ताठ असते. पंधरा काडतुसं बसतात म्हणतात, पण शेवटची दोन भरताना ताईचा अंगठा पांढरा पडला होता. ही सगळी जोडणी एकमेकांत मुरायला किती गोळ्या लागतात यावर इथे एकमत नाही. दोनशेवाल्यांचा एक पंथ, पाचशेवाल्यांचा दुसरा आणि 'हल्लीच्या पिस्तुलाला काही लागत नाही' म्हणणारे तिसरे. ताई दोनशेवाली. पन्नासची चार खोकी. शिवाय घरी ठेवायच्या, टोकाला खड्डा असलेल्या गोळ्या वेगळ्या, त्यांचंही एक खोकं झाडून बघायचं. कारण सरावाच्या गोळ्या सुरळीत चालल्या म्हणून त्याही चालतील असं नसतं.

कानाला मफ, डोळ्याला गॉगल. तरीही पहिल्या आवाजाला मी उडाले. नऊ मिलिमीटरचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास असतो. विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेपुढे उभं राहिलेले माझे कान, पण हा आवाज कानात नाही, छातीत बसतो.

तिसाव्या गोळीच्या आसपास पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये धुराड्यासारखी उभी राहिली. ताईचा चेहरा पडला. "बिघडलं वाटतं." टोपीवाले एक आजोबा सावकाश चालत आले. रेंजवर सुरक्षेसाठी असतात त्यांतले. त्यांनी पिस्तुलाकडे नाही, तिच्या मनगटाकडे बघितलं. मनगट सैल असलं की धक्का हातच खाऊन टाकतो आणि स्लाइडला मागे जायला पुरेसा जोर मिळत नाही. पिस्तूल ठणठणीत होतं.

मनगट घट्ट केलं, पुढच्या सत्तर गोळ्या लोण्यासारख्या गेल्या. तेवढ्यात मी नको तिथे, तिच्या मागे उजवीकडे, वहीत नोंदी घेत उभी होते. एक गरमागरम पुंगळी उडाली आणि थेट माझ्या कुर्त्याच्या गळ्यात! मी जी नाचले, ती शेजारच्या चार लेनमधल्या लोकांनी बघितली. कायद्याने मला हात लावायचा नव्हता, पण पुंगळीनेच मला हात लावला. मानेखाली मुगाएवढा फोड आला.

मग आली खरी गंमत. खरं तर गंमत नाही.

ताईच्या सगळ्या गोळ्या कागदावर खाली डावीकडे जात होत्या. मधल्या गोलाला एकही नाही. तिने आजोबांना विचारलं, नवी साइट वाकडी बसलीय का, मागची थोडी उजवीकडे सरकवू का? त्यांनी उत्तर दिलं नाही. तिच्याकडून मॅगझीन घेतलं, खाली वाकून त्यात काहीतरी भरलं आणि परत दिलं. खऱ्या काडतुसांमध्ये मधूनमधून दोन-तीन खोटी होती, बार न उडणारी. कुठली कधी येणार हे तिला माहीत नाही.

पहिली, बार. दुसरी, बार. तिसऱ्या वेळी नुसतं 'टक'.

आणि बार न उडताही पिस्तुलाचं नाक खाली गेलं. चांगलं दोन इंच. तिचे खांदे वर आलेले, डोळे मिटलेले, ओठ दाताखाली. क्षणभर तिथे पिस्तूल धरलेली बाई नव्हतीच. फटाक्यांना घाबरून फराळापाशी बसलेली माझी ताई होती.

"पिस्तूल सरळ मारतंय," आजोबा एवढंच म्हणाले. येणाऱ्या आवाजाला हात आधीच घाबरतो, म्हणून गोळी खाली जाते. त्यासाठी बदलायला काही सुटा भाग मिळत नाही.

पुढचे दोन तास तिने तेच केलं. खरी, खोटी, खोटी, खरी. बाकीची खोकी संपली तेव्हा नाक जवळजवळ स्थिर राहत होतं. शेवटच्या कागदावर मधल्या गोलात सात भोकं पडली. तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, रिपोर्ट कार्डासारखा.

जे विचारायला गेले होते

परत येताना ती गप्प होती. घरी येऊन पिस्तूल साफ झालं, पेटीत गेलं, चहा झाला. मग मी विचारलं, "घेतलंस का?"

ताई एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रात्री अकराला सुटते. मार्चमध्ये एकदा ती पार्किंगमध्ये गाडीत बसली आणि कुणीतरी बाहेरून दार खेचलं. दार लॉक होतं. त्या माणसाने काचेपाशी तोंड आणलं, हसला आणि निघून गेला. बस्स, एवढंच. पोलिसांना सांगण्यासारखंही फार काही नाही. पण पुढचे कितीतरी आठवडे तिला झोप आली नाही.

"मग आता पिस्तूल गाडीत ठेवतेस?"

"नाही. गाडीतून चोरीला जातात. घरीच असतं."

म्हणजे ज्या पार्किंगमुळे घेतलं, तिथे ते नसतंच! मी हे म्हणाले, तर ती हसली. "मला माहितीये गं. झोपेसाठी घेतलंय."

मला अजून एक विचारायचं होतं, आणि ते विचारायला जीभ रेटेना. येण्याआधी मी आकडे वाचले होते. 2022 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48 हजारांहून जास्त माणसं मेली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त कुणा चोर-दरोडेखोराच्या गोळीने नव्हे, तर स्वतःच्या हाताने. घटस्फोट, एकटं घर, न येणारी झोप आणि लोखंडी पेटी. मी कशीबशी म्हणाले, "ताई, तू बरी आहेस ना? म्हणजे... तसं बरी?"

तिला कळलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"मार्चमध्ये नाही घेतलं मी. दुकानापर्यंत जाऊन परत आले दोनदा. त्या दिवसांत माझ्यावरच माझा भरवसा नव्हता. काउन्सेलरकडे गेले, झोप परत आली, आणि मग सप्टेंबरमध्ये घेतलं. पुन्हा तसं वाटलं तर पेटी कुणाकडे नेऊन द्यायची तेही ठरलंय. मैत्रिणीने हो म्हटलंय."

ॲरिझोनात पिस्तूल विकत घेताना वाट बघायला लावणारा कायदा नाही. तिने स्वतःच स्वतःला सहा महिने थांबवलं होतं. माझं पिस्तुलाबद्दलचं मत बदललं नाही. घरात ती पेटी असताना मला त्या दोन्ही रात्री नीट झोप लागली नव्हती. पण त्या संध्याकाळी ताईबद्दलची काळजी थोडी हलकी झाली, हे खरं.

निघताना मी आठवण म्हणून एक रिकामी पुंगळी मागितली. मिळाली नाही. अमेरिकेच्या कायद्यात रिकामी पुंगळीसुद्धा दारूगोळ्याच्या व्याख्येत बसते. आणि आपल्या विमानतळावर ती बॅगेत सापडली तर काय होईल, ते सांगायला नको.

पुणे, संध्याकाळ

परतल्यावर मावशीकडे गेले. सुक्या मेव्याचं पाकीट दिलं, फोटो दाखवले. कॅनियनचे नव्हते, निवडुंगांचे होते. मावशीची नजर माझ्या मानेवर गेली.

"हे काय भाजलंय?"

"चटका बसला."

"मानेला? पोळ्या मानेने लाटत होतीस का?"

मी गप्प. मावशीने पाकीट बाजूला ठेवलं. "आणि ती पूजेतली काळी डबी. टूलबॉक्सला एवढं मोठं कुलूप कशाला असतं गं?"

मी ताईला शब्द दिला होता, सांगणार नाही म्हणून. सांगितलं नाही. पण खोटंही बोलवेना. आणि मला एकदम लक्षात आलं, की मावशीपासून लपवलेली मोठी गोष्ट पिस्तूल नव्हतीच. मार्चमधली ती रात्र होती.

"मावशी, तूच फोन कर तिला. घड्याळातून साडेबारा तास वजा कर. आणि डबीबद्दल नंतर विचार. आधी विचार, तू कधी घाबरली होतीस का गं?"

मावशीने चष्मा लावला आणि बोटांवर तास मोजायला लागली.

जाणार असाल तर...

- कधी : ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात चुकूनही नको.
- वेळ : भारताच्या साडेबारा तास मागे. बहुतेक ॲरिझोनात घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाही, त्यामुळे हिशेब सोपा.
- रेंजवर बघायला : बंद गळ्याचा टी-शर्ट, टोपी, पायात बूट. कुर्ता नको, अनुभवाचे बोल! कान आणि डोळे झाकल्याशिवाय आत जाऊ नका.
- चार नियम पाठ करा : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. जे उडवायचं नाही त्याच्याकडे तोंड करू नका. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. टार्गेटच्या मागे काय आहे ते बघा. हे चार नियम रुजवले जेफ कूपर यांनी. त्यांनी 1976 मध्ये ॲरिझोनातच पॉल्डनला 'गनसाइट' ही प्रशिक्षण संस्था काढली.
- हात लावायची हौस असेल तर : आपला व्हिसा काय म्हणतो ते आधी नीट तपासा. मित्र म्हणाला 'चलता है', म्हणून चालत नाही.
- आठवण : फोटो आणा. पुंगळी नको.